खऱ्याचा हट्ट, खोट्याची शिस्त

अमेरिकेच्या यादवी युद्धात ठासणीची बंदूक भरायला शिपायाला नऊ हुकूम पाळावे लागत. हार्डी नावाच्या सैनिकी अधिकाऱ्याच्या १८५५ सालच्या कवायतीच्या पुस्तकात ते ओळीने दिले आहेत. बंदूक पायांशी उभी करायची, पेटीतून कागदी काडतूस काढायचं, दातांनी त्याचं टोक फाडायचं, दारू नळीत ओतायची, गज उपसायचा, गोळी ठासायची, गज पुन्हा जागेवर सरकवायचा, चापाखाली टोपी बसवायची आणि बंदूक पेलून पुढच्या हुकमाची वाट पाहायची. कसलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढी.

तेच युद्ध आज पेनसिल्वेनिया आणि व्हर्जिनियातल्या कुरणांवर सुट्टीच्या दिवशी खेळलं जातं. कोटाचं कापड निखळ लोकरीचं आहे की भेसळीचं, काजं हाताने केलेली की मशीनवर, बुटाच्या तळाला लाकडी खुंट्या आहेत की नाहीत, यावरून खेळणाऱ्यांत कडाक्याची भांडणं होतात. आणि हीच माणसं बंदूक भरताना नऊपैकी गजाचे तीन हुकूम एकजात गाळतात. लढाई चालू असताना गज उपसायला बहुतेक मोठ्या खेळांच्या नियमांत बंदी असते. धांदलीत गज नळीत राहिला तर पुढच्या बाराबरोबर तो बाणासारखा सुटतो. शिवाय गजच नाही म्हटल्यावर नळीत काही ठासलंही जात नाही. गोळी नसलेल्या काडतुसातली दारू सैलसर पडते, पेटते, धूर आणि आवाज करते आणि संपते.

गज बाहेर येतो तो लढाईआधीच्या तपासणीत. रांगेतल्या प्रत्येकाच्या नळीत तो सोडून आवाज ऐकतात. खणखणीत वाजला तर तळ मोकळा. बद्द वाजला तर आत काहीतरी आहे, आणि तो शिपाई रांगेबाहेर.

या छंदाला तिकडे रीइनॅक्टमेंट म्हणतात. आपण पुनःप्रयोग म्हणू. त्याच्याकडे बाहेरून पाहणाऱ्याला दिसतो तो अस्सलपणाचा हट्ट. पण काय खरं असावं, हे ठरवणं त्या मानाने सोपं. त्याला पुरावे असतात, संग्रहालयं असतात, जुने फोटो असतात. काय मुद्दाम खोटं ठेवायचं आणि ते खोटं हजारो माणसांकडून न चुकता कसं पाळून घ्यायचं, हे अवघड. गेल्या पन्नास-साठ वर्षांत या मंडळींनी खरी कमाई केली ती इथे.

कुंपणापाशी भेटलेले म्हातारे

गेटिसबर्गची लढाई १ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांत झाली. तिसऱ्या दिवशी दुपारी दक्षिणेकडचे सुमारे साडेबारा हजार सैनिक उघड्या शेतांतून उत्तरेच्या फळीवर चालून गेले. त्यातले निम्म्याच्या आसपास मारले गेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. त्यातल्या एका तुकडीच्या सेनापतीवरून तो ‘पिकेटचा हल्ला’ या नावाने ओळखला जातो. पन्नास वर्षांनी, १९१३ मध्ये, दोन्ही बाजूंचे पन्नास हजारांहून अधिक वृद्ध सैनिक तिथे जमले. पिकेटच्या तुकडीतले हयात असलेले लोक पुन्हा त्याच दगडी कुंपणापर्यंत चालत गेले आणि पलीकडच्यांनी त्यांच्याशी हात मिळवले. याला पुनःप्रयोग म्हणायचं तर त्यातली पात्रं मूळचीच होती.

पुढे मूळची माणसं गेली आणि हौशी आले. १९६१ च्या जुलैत युद्धाच्या शताब्दीनिमित्त व्हर्जिनियात मनाससच्या रणभूमीवर दोन हजारांहून अधिक लोकांनी तिथली पहिली लढाई पुन्हा उभी केली. प्रचंड गर्दी लोटली आणि टीकाही झाली. जिथे माणसं खरोखर मेली, त्याच मातीवर मेल्याचं सोंग कशासाठी? अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने पुढे आपल्या हद्दीत असे खेळ बंद केले. आजच्या तिच्या धोरणानुसार समोरासमोरच्या फळ्यांनी एकमेकांवर बार काढणं, पडून मेल्याचं दाखवणं, हातघाई, यातलं काहीही उद्यानात करता येत नाही. कवायत करता येते, बंदूक कशी भरत ते दाखवता येतं, तोफेचा बार काढता येतो, पण प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली आणि समोर कुणी नसताना. त्यामुळे गेटिसबर्गचा मोठा खेळ खऱ्या रणभूमीवर होत नाही. आसपासच्या खासगी शेतांवर होतो. १९९८ साली, १३५ व्या वर्षी, तिथे पंधरा-वीस हजार गणवेशधारी जमल्याचा अंदाज होता.

इंग्लंडात या छंदाला वळण लावलं ते एका खऱ्या सैनिकाने. ब्रिगेडियर पीटर यंग दुसऱ्या महायुद्धात कमांडो म्हणून लढले आणि नंतर सँडहर्स्टच्या सैनिकी अकादमीत इतिहास शिकवू लागले. राजा चार्ल्स आणि संसद यांच्यातल्या सतराव्या शतकातल्या यादवीचे ते अभ्यासक. १९६८ मध्ये त्यांनी ‘सील्ड नॉट’ ही संस्था काढली. नाव घेतलं ते १६५० च्या दशकातल्या राजनिष्ठांच्या एका गुप्त मंडळाचं. ही संस्था युरोपातल्या सर्वांत मोठ्या पुनःप्रयोग संस्थांपैकी एक झाली. चेशायरमधल्या नँटविच गावात तिचे लोक दर जानेवारीच्या शेवटी १६४४ ची लढाई खेळतात. वेढा उठल्याच्या आनंदात तेव्हा गावकऱ्यांनी हॉलीच्या डहाळ्या खोचल्या होत्या, म्हणून हा दिवस अजून ‘हॉली होली डे’ म्हणून साजरा होतो. आधी मिरवणूक, मग मृतांना पुष्पचक्र आणि त्यानंतर लढाई, असा तिथला क्रम.

सुई-दोऱ्याचे शिपाई

आता कपड्यांचा हट्ट. अमेरिकेत तो किती टोकाला जातो हे टोनी हॉर्विट्झ या पत्रकाराने १९९८ च्या ‘कॉन्फेडरेट्स इन द ॲटिक’ या पुस्तकात सांगितलं आणि हा छंद घराघरांत पोहोचला. त्यातला रॉबर्ट ली हॉज पितळी बटणांना जुनेपणाची हिरवट कळा यावी म्हणून ती लघवीत भिजवतो. फोटोत दिसणाऱ्या फुगलेल्या प्रेतांचा अभ्यास करून तो मैदानावर तसाच पडून दाखवतो. त्याच्या गटातले लोक कडाक्याच्या थंडीत एकमेकांना चिकटून झोपतात, कारण १८६३ चा शिपाई तसाच झोपे. पॉलिस्टरचा धागा, मनगटी घड्याळ, आजच्या फ्रेमचा चष्मा असं काही अंगावर दिसलं की अशा गटांत त्या माणसाची ‘फार्ब’ म्हणून संभावना होते. उलट बाजूचे यांना ‘शिलाई मोजणारे’ म्हणून चिडवतात.

हसून सोडून द्यावं असं हे वेड, पण त्याचा फायदाही झाला आहे. रोमन सैनिकाचं आडव्या पट्ट्यांचं चिलखत आज आपण चित्रांत, सिनेमांत सगळीकडे पाहतो. ते नेमकं कसं जोडलं जाई, याचा उलगडा व्हायला १९६४ साल उजाडावं लागलं. उत्तर इंग्लंडात कॉरब्रिजच्या उत्खननात एका पेटीत अशा चिलखतांचे भाग सापडले. टॉवर ऑफ लंडनच्या शस्त्रागारातले एच. रसेल रॉबिन्सन यांनी त्यांचा अभ्यास करून पट्ट्या, बिजागऱ्या आणि आतले चामड्याचे पट्टे यांची मांडणी उभी केली. ग्लॉस्टरशायरमध्ये १९७२ साली स्थापन झालेल्या ‘अर्मिन स्ट्रीट गार्ड’ या हौशी गटाने तसली चिलखतं घडवली, अंगात घातली आणि त्यांत कवायत केली. खांद्यावर कुठे काचतं, वाकल्यावर कुठली बिजागरी आधी तुटते, हे काचेच्या कपाटातल्या तुकड्यांकडे पाहून कळत नाही.

जर्मन इतिहासकार मार्कुस युंकेलमान यांनी १९८५ मध्ये याचीच मोठी परीक्षा घेतली. काही साथीदारांसह रोमन शिपायाचा पूर्ण सरंजाम अंगावर आणि पाठीवर घेऊन ते इटलीतल्या व्हेरोनाहून आल्प्स ओलांडून ऑग्सबर्गपर्यंत चालत गेले. जड सामान घेऊन रोमन फौजा दिवसाला किती चालत, या प्रश्नावर पुस्तकी आकडे भरपूर होते. आता त्यांच्या जोडीला पायांना आलेल्या फोडांचा पुरावाही आला.

अमेरिकी शिपायाच्या अंगावर जुलैच्या उन्हात लोकरीचा कोट असतो, कमरेला काडतुसांची पेटी आणि संगीन, खांद्याला शिधापिशवी आणि पाण्याचा चंबू, हातात चार किलोच्या आसपासची बंदूक. तासाभरात माणूस उन्हाने गळून जातो, आणि १८६३ च्या रोजनिशांत पाण्याचा आणि सावलीचा इतका उल्लेख का, हे त्याला न सांगता समजतं. अस्सल पोशाखाचं समर्थन मला एवढ्यात पुरेसं वाटतं. शरीराला जे कळतं ते कळण्यापुरता कपडा खरा हवा. बटणाच्या हिरवट कळेने इतिहासात भर पडत नाही, हौसेत पडते.

या सरंजामाचा बाजारही मोठा आहे. ठासणीच्या बंदुकांच्या चांगल्या प्रतिकृती उत्तर इटलीत, ब्रेशाजवळच्या त्रोम्पिया खोऱ्यात बनतात. शतकानुशतकं बंदुका घडवणाऱ्या या खोऱ्यातली पेदेर्सोली ही १९५७ साली स्थापन झालेली कंपनी जुन्या घडणीच्या बंदुका करते. तिथल्या प्रत्येक नळीची नेहमीपेक्षा जास्त दारू भरून सरकारी चाचणी होते आणि मगच शिक्का बसतो. तलवारी, शिरस्त्राणं आणि चिलखतं मात्र भारतातून मोठ्या प्रमाणावर जातात. देहरादूनची विंडलास स्टीलक्राफ्ट्स ही १९४३ सालची कंपनी हौशी लोकांसाठीही तलवारी करते आणि खऱ्या सैन्यांच्या संचलनासाठीही. भारतात बनलेल्या स्वस्त चकमकीच्या बंदुकाही अमेरिका-कॅनडात विकल्या जातात. त्या अनेकदा कान न पाडताच बोटीवर चढतात. रंजकाची ठिणगी आतल्या दारूपर्यंत नेणारं भोकच नसलं की ती वस्तू बंदुकीच्या आकाराची शोभेची चीज ठरते. कान पाडला जातो तिकडे पोहोचल्यावर, आणि नळी शिक्क्याची नसल्याने तिच्यावर किती भरवसा ठेवायचा, हा या छंदातला जुना वाद आहे.

बोथट लोखंड, पोकळ बार

सोळा फुटी भाल्यांची झुंज ही सतराव्या शतकातल्या इंग्रजी लढाईची ओळख. मूळच्या लढाईत लोखंडी पाती समोरच्याच्या छातीवर रोखलेली असत. सील्ड नॉटच्या मैदानावर दोन पथकं भिडतात तेव्हा भाले उभे, आकाशाकडे धरलेले असतात आणि झुंज होते ती खांद्याला खांदा लावून रेटारेटीची. पाहणाऱ्याला दोन झाडीची बनं एकमेकांत घुसल्यासारखं दिसतं. बरगड्या दुखावतात, पाय मुरगळतात, पण कुणाचा डोळा जात नाही.

तोड्याच्या बंदुकीची काळजी वेगळी. सोऱ्यात भिजवलेली दोरी दोन्ही टोकांना धुमसत असते आणि त्याच माणसाच्या छातीवरच्या पट्ट्याला दारूच्या कुप्या लटकत असतात. दोरी कुठल्या बोटांत धरायची, कुपी उघडताना ती किती लांब न्यायची, हे सगळं सतराव्या शतकातल्या कवायतीच्या चित्रांतूनच घेतलेलं आहे. त्या काळच्या शिपायालाही स्वतःच्या दारूने भाजायचं नव्हतंच. इथे अस्सलपणा आणि सुरक्षितता एकाच बाजूला येतात, ही सोय नेहमी मिळत नाही.

तलवारींच्या बाबतीत ती मिळत नाही. इंग्लंडातले व्हायकिंग आणि सॅक्सन काळ खेळणारे गट पात्याची धार काढून कडा जाड, गोलसर करतात, टोक बोथट करतात आणि वार शेवटच्या क्षणी आवरायला शिकवतात. नवख्याला आधी परीक्षा द्यावी लागते आणि ती पास झाल्याशिवाय तो रांगेत उभा राहत नाही. जोर लावून मारता कुणालाही येतं. जोराने मारल्यासारखं दाखवून अंगाला जेमतेम टेकवता येणं, ही या खेळातली विद्या.

तोफ सर्वांत सावध हातांनी चालते. बार झाल्यावर नळीत उरलेला एखादा निखारा पुढची दारू हातातच पेटवू शकतो. म्हणून आधी आकड्याने कागदाचे जळके तुकडे बाहेर ओढतात, मग ओला बोळा आत फिरवतात. त्या वेळी एक गोलंदाज चामड्याचं आवरण चढवलेल्या अंगठ्याने तोफेचा कान घट्ट दाबून धरतो, कारण आत हवा गेली की निखारा फुलतो. ही सगळी पद्धत मूळ तोफखान्याचीच आहे. फरक एवढाच, की आज दोन बारांमध्ये मुद्दाम काही मिनिटं जाऊ देतात. १८६३ मध्ये शत्रू समोर असताना तेवढी उसंत कुणाला नव्हती.

एवढं करूनही चूक होते. गेटिसबर्गच्या १९९८ च्या खेळात एका फ्रेंच हौशी सैनिकाच्या उसन्या रिव्हॉल्वरमध्ये गोळी अडकून राहिलेली होती. ती सुटली आणि समोरच्या माणसाच्या मानेत घुसली. तो सुदैवाने वाचला. २००८ मध्ये व्हर्जिनियात एका चित्रीकरणाच्या वेळी निळ्या गणवेशातल्या एका वृद्ध हौशीच्या खांद्यात खरी गोळी लागली. दोन्ही वेळा सुटली ती तपासणी, आणि तपासणी हा या खेळाचा प्राण. मैदानात बाहेरून आलेला प्रत्येक पाहुणा, प्रत्येक उसनी बंदूक, प्रत्येक उशीर या साखळीतली एक कडी सैल करतो.

कायद्याची फूटपट्टी

जुन्या काळचं शस्त्र हे आजच्या कायद्याला शस्त्रच दिसतं. ब्रिटनमध्ये गुळगुळीत नळीची ठासणीची बंदूक बाळगायची तर पोलिसांकडून शॉटगनचा परवाना घ्यावा लागतो आणि काळी दारू घेऊन ठेवायला वेगळं प्रमाणपत्र. २००६ च्या हिंसक गुन्हे प्रतिबंधक कायद्याने हुबेहूब खऱ्यासारख्या दिसणाऱ्या नकली बंदुका बनवायला, विकायला आणि आयात करायला १ ऑक्टोबर २००७ पासून बंदी आली. मात्र संग्रहालय, नाटक-सिनेमा आणि ऐतिहासिक पुनःप्रयोग यांना त्यातून सूट मिळाली. सामुराई पद्धतीच्या तलवारींनी झालेल्या हल्ल्यांनंतर एप्रिल २००८ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये ५० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पात्याच्या वक्र तलवारींच्या विक्रीवरही बंदी आली. तिथेही पुनःप्रयोगाला सूट आहे, पण कार्यक्रमाचा विमा असला पाहिजे. म्हणजे कायद्याने ओळखला तो छंद नव्हे, जबाबदारी घेणारी संस्था.

अमेरिकेत १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक ‘पुराण’ ठरते आणि ठासणीच्या बंदुकीची प्रतिकृतीही त्याच वर्गात बसते. त्यामुळे केंद्रीय परवाना लागत नाही. अशा बंदुकांसाठी पन्नास पौंडांपर्यंत काळी दारूही बाळगता येते. पण राज्यांचे कायदे वेगळे, आणि २०२२ मध्ये न्यूयॉर्कने या छंदाला चांगलाच घोर लावला. त्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा शंभर वर्षांहून जुना परवाना नियम रद्द केला. विधिमंडळाने तातडीने नवा कायदा केला आणि उद्यानांसारख्या ‘संवेदनशील जागां’त बंदूक नेणं हा गुन्हा ठरवला. तो १ सप्टेंबरला लागू झाला. आता मुश्किल अशी, की पुनःप्रयोग होतात ते नेमके उद्यानांत आणि ऐतिहासिक स्थळांवर. राज्यपालांच्या कार्यालयाने असा हेतू नसल्याचं सांगितलं, पण अटक झालीच तर हेतू दाखवून सुटका होते का, ही धास्ती होती. त्या शरद ऋतूत कार्यक्रम रद्द झाले. पुढच्या वर्षी दुरुस्ती करून ऐतिहासिक पुनःप्रयोगांना सूट दिली गेली.

घाईत केलेल्या कायद्याला चकमकीची बंदूक आणि रायफल सारखीच दिसावी, यात नवल नाही. शस्त्राकडे नुसतं पाहून त्यामागचा बेत कळत नाही. कळायचा तर शस्त्राभोवतीची व्यवस्था पाहावी लागते: यादी कुणाकडे, तपासणी कुणाची, विमा कुणाचा.

गणवेश कुणाच्या अंगावर

अस्सलपणाचा हट्ट कधी कधी आडून वार करायला वापरला जातो. १९८९ मध्ये अँटिएटमच्या रणभूमीवर लॉरेन कुक ही स्त्री पुरुष सैनिकाच्या वेषात सहभागी झाली होती. उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी तिला बाहेर काढलं. कारण दिलं ते अस्सलपणाचं: सैनिक पुरुष होते. तिने खटला भरला आणि १९९३ मध्ये जिंकली. यादवी युद्धात शेकडो स्त्रिया पुरुषी वेषात लढल्या होत्या. म्हणजे पुरुष बनून उभी राहिलेली ती स्त्री उलट इतिहासाला धरूनच वागत होती.

‘ग्लोरी’ या १९८९ च्या सिनेमाने मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीची, म्हणजे कृष्णवर्णीय सैनिकांची, गोष्ट पुन्हा लोकांसमोर आणली आणि कृष्णवर्णीय हौशी गटही मैदानात उतरले. यापुढचं पाऊल टाकलं ते ड्रेड स्कॉट या कलावंताने. १८११ च्या जानेवारीत लुइझियानातल्या शेकडो गुलामांनी न्यू ऑर्लिन्सच्या दिशेने कूच केलं होतं. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या गुलाम-उठावांपैकी हा एक. तो चिरडला गेला आणि बंडखोरांची मुंडकी खांबांवर लावली गेली. नोव्हेंबर २०१९ मध्ये स्कॉटने शेकडो माणसं जुन्या पोशाखांत, कोयते, तलवारी आणि बंदुका घेऊन दोन दिवस तोच २६ मैलांचा रस्ता चालवली. वाटेत तेलशुद्धीकरणाचे कारखाने होते, महामार्ग होते. मूळचे बंडखोर न्यू ऑर्लिन्सला कधी पोहोचलेच नाहीत. हे मात्र पोहोचले आणि तिथे उत्सव झाला. शेवट जाणूनबुजून बदललेला होता आणि तो बदल कुणापासून लपवलेला नव्हता.

गणवेशाची दुसरी बाजूही आहे. दक्षिणेचा झेंडा हातात धरणारा म्हणतो, मी इतिहास दाखवतो. २०१७ मध्ये शार्लट्सव्हिलला तोच झेंडा घेऊन वंशवादी रस्त्यावर उतरल्यावर हे म्हणणं किती जणांना पटणार? त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये व्हर्जिनियातल्या सीडर क्रीकच्या खेळाच्या जागी खरा पाइप-बॉम्ब सापडला. जर्मनीत नाझी चिन्हं जाहीरपणे वापरणं दंडसंहितेच्या ८६ अ कलमाखाली गुन्हा आहे. कला, संशोधन, शिक्षण अशा कामांपुरता अपवाद आहे. अमेरिकेत कायदा आडवा येत नाही, पण २०१० मध्ये काँग्रेसच्या एका उमेदवाराचे नाझींच्या एसएस दलाच्या गणवेशातले हौशी फोटो बाहेर आले आणि तो ओहायोच्या निवडणुकीत शेवटपर्यंत खुलासे करत राहिला.

आणि इगोर गिर्किन. रशियन यादवीतल्या ‘पांढऱ्या’ सैन्याचा गणवेश चढवून लढाया खेळणारा हा माणूस गुप्तहेर खात्यात काम केलेला. एप्रिल २०१४ मध्ये तो हत्यारबंद लोकांना घेऊन पूर्व युक्रेनमधल्या स्लोव्हियान्स्क शहरात शिरला. त्या जुलैत प्रवासी विमान पाडलं गेलं, २९८ माणसं मेली, आणि २०२२ मध्ये डच न्यायालयाने त्याला त्या प्रकरणात गैरहजेरीत दोषी ठरवलं. लाखो हौशी लोकांतल्या एकावरून छंदाचा न्याय करू नये. पण जुनं युद्ध अपुरं राहिलं आहे आणि ते पुरं करायचं आहे असं ज्याला वाटतं, त्याच्या हातात बोथट पातं फार काळ टिकत नाही, एवढं या प्रकरणातून शिकायला हरकत नाही.

तालीम, पेठ आणि कलम ३७

महाराष्ट्रात लढाया मैदानावर खेळायची अशी रीत नाही. पण शस्त्र आणि पोशाख दोन्ही आपल्याकडे रस्त्यावर येतात. शिवजयंतीच्या मिरवणुका आहेत, सहा जूनचा रायगड आहे, जुलैच्या पावसात पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे चालणाऱ्या मोहिमा आहेत. आणि कोल्हापूरच्या तालमींत वस्तादांनी पिढ्यान्पिढ्या जपलेले मर्दानी खेळ आहेत: लाठी, फरी-गदका, विटा, पट्टा. दांडपट्ट्याला २०२४ मध्ये राज्यशस्त्राचा मानही मिळाला.

या परंपरेला खोट्याची शिस्त परकी नाही. फरी-गदका म्हणजे ढाल आणि चामड्याने मढवलेली काठी. तलवारीचे हात बसवायचे ते आधी हिच्यावर. घोडेस्वार भाल्याचा सराव करत तो बोथाटीने, टोकाला कापडाचा गोळा बांधलेल्या भाल्याने. तालमीत पहिल्या दिवशी कुणी धारेचा पट्टा हातात देत नाही. रक्त न सांडता लढाई कशी शिकायची, हे आपल्या वस्तादांना चांगलं ठाऊक होतं.

अडचण तालमीबाहेर सुरू होते. मिरवणुकीतल्या मावळ्याच्या अंगावर चकचकीत साटीनचा तयार पोशाख, डोक्यावर पुठ्ठ्याचा किंवा प्लॅस्टिकचा टोप, पायांत स्पोर्ट्स शूज. आपल्या डोळ्यांपुढचा मावळा बराचसा नाटकांतून, कॅलेंडरांतून आणि भालजी पेंढारकरांच्या सिनेमांपासून चालत आलेल्या वेशभूषेतून घडलेला आहे. सह्याद्रीच्या पावसात महिनोन्‌महिने फिरणारा शिपाई काय नेसत असेल, पायांत काय घालत असेल, शिधा कशात बांधत असेल, याची विचारपूस करायची सवय फारशी नाही. आणि याच मावळ्याच्या हातातली तलवार पुष्कळदा लोखंडी, टोकदार आणि म्यानाबाहेर असते. पोशाख खोटा, शस्त्र खरं. तिकडच्या सगळ्या खटाटोपाचं हे नेमकं उलटं गणित.

कायदा इथे स्पष्ट आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची तलवार, खंजीर, भाला ही ‘शस्त्रं’ म्हणून नोंदलेली आहेत. घरकाम, शेती अशा कामांची अवजारं वगळली आहेत. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सणावारांच्या आसपास मनाई आदेश निघतात आणि तलवारी, भाले, सोटे घेऊन फिरायला बंदी येते. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची ती चौकट आपण न वाचता पान उलटतो. ब्रिटनसारखी ‘ऐतिहासिक पुनःप्रयोग’ म्हणून वेगळी सूट इथे गटांना मिळत नाही. पोलीस ठाण्यात अर्ज करा आणि तिथल्या अधिकाऱ्याला काय वाटतं ते पाहा, असा व्यवहार. त्यात प्रामाणिक तालमीचा वस्ताद आणि वाढदिवसाचा केक तलवारीने कापणारा दादा एकाच रांगेत उभे राहतात.

ही रांग वेगळी करायची तर पहिलं पाऊल संस्थांनी उचलायला हवं. सूट मागण्याआधी ती मिळण्याजोगी व्यवस्था दाखवावी लागते. प्रत्येक गटाकडे शस्त्रांची यादी हवी: कोणतं पातं, लांबी किती, धार काढलेली की नाही, कुणाच्या ताब्यात. मिरवणुकीआधी एका जबाबदार माणसाने प्रत्येक पात्याची कड बोटाने तपासून पाहावी आणि तपासल्याची खूण करावी. प्रेक्षकांपासूनचं अंतर ठरलेलं असावं, विमा असावा, आणि नियम मोडणाऱ्याला, तो कितीही मोठ्या कार्यकर्त्याचा मुलगा असला तरी, त्या दिवसापुरतं मैदानाबाहेर बसवावं. इतकं झालं की पोलिसांसमोर आणि सरकारसमोर बोलायला तोंड राहतं.

राहिला पोशाख. त्यावर जरूर हट्ट धरावा. एखाद्या गटाने एकच वर्ष मिरवणुकीचा खर्च वाचवून हातमागाचं जाडंभरडं कापड घ्यावं, चांभाराकडून जुन्या घडणीच्या वहाणा शिवून घ्याव्यात, पाठीवर भाकऱ्यांचं गाठोडं बांधावं आणि पन्हाळा ते पावनखिंड त्या वेशात चालून पाहावं. बाजीप्रभूंच्या सोबतचे शिपाई १६६० च्या त्या रात्री कशात भिजले, कशाने घसरले, कशामुळे तरीही चालत राहिले, हे बखरीत नाही. चालणाऱ्याला ते कळेल, आणि त्यासाठी हातात धारेची तलवार असण्याची काही गरज नाही.